गाडीवान झोपलेला, बैल जागे

‘चालकाविना चालणाऱ्या मोटारी आणि आपली शहरं’ या विषयावर बोलाल का, असा आकाशवाणीवरून फोन आला तेव्हा मला वाटलं, नंबर चुकला असावा. मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. मोटारीतलं मला एवढंच कळतं, की ती बंद पडली तर मागून ढकलायची असते. पण फोनवरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या घरात तीन पिढ्या गाडी हाकताहेत ना? मग तुम्हीच बोला."

ते मात्र खरं आहे. आमचे आजोबा, त्यांना आम्ही दादामियाँ म्हणायचो, साताऱ्यात टांगा चालवायचे. अब्बांनी ट्रक चालवला. माझा धाकटा भाऊ सातारा-कोरेगाव रस्त्यावर वडाप चालवतो. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, वडाप म्हणजे माणसं भरून भरून नेणारी जीप. ती भरली असं तिच्या चालकाला कधीच वाटत नाही.) एकटा मीच बिनगाडीचा निघालो. आता चौथ्या पिढीत माझा भाचा पुण्यात संगणकासमोर बसून गाडीला रस्ता बघायला शिकवतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

चालकाविना चालणारं वाहन आपल्याला नवं आहे, हे काही मला पटत नाही. माझ्या आजोळी, कृष्णाकाठी, गुळाच्या आणि हळदीच्या गाड्या सांगलीच्या पेठेकडे रात्री निघायच्या. उन्हाचा बैलांना त्रास नको म्हणून रात्र धरायची. आसाखाली कंदील टांगलेला, गाड्यांची रांग लागलेली. पुढच्या गाडीचा गाडीवान तेवढा जागा, बाकीचे घोंगडी ओढून ढेपांना टेकून घोरत पडलेले. मागचे बैल पुढच्या गाडीचा माग धरून चालायचे. ओढ्याचा उतार आला की आपणच बेताने पाय टाकायचे. पहाटे गाडीवानाला जाग यायची ती वेशीतल्या कोंबड्यानं. गाडीवान झोपलेला, बैल जागे असा हा कारभार होता आणि त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं.

दादामियाँच्या घोडीचं नाव चांदणी. सातारचं रेल्वे स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या बाजूला. रात्रीची गाडी उशिरा यायची. उतारू टांग्यात बसले की दादामियाँ लगाम सैल सोडायचे आणि डुलकी काढायचे. चांदणी चढाला दम खात, उताराला स्वतःला सावरत बरोबर गावात यायची. पोवई नाक्यावर एका हॉटेलासमोर दादामियाँ दिवसा चहा घ्यायचे. तिथं ती मध्यरात्रीही थांबायची. हॉटेल बंद, रस्ता सुना, आणि उतारू विचारताहेत, "काय हो मियाँ, इथं का थांबवलं?" दादामियाँ दचकून जागे व्हायचे आणि म्हणायचे, "चहाची वेळ झाली तिची!"

एकदा भर दुपारी राजपथावर ते असेच पेंगले होते. पतंगामागे धावत एक पोरगं थेट टांग्यापुढे आलं. चांदणी जागच्या जागी थांबली, टांगा एवढा हिसकला की दादामियाँ पायदानावर आपटले. पोराला खरचटलंसुद्धा नाही. लोक जमले. घोडीच्या मानेवरून हात फिरवला, तिला कुणीतरी गूळ आणून दिला, आणि दादामियाँना मनसोक्त शिव्या घातल्या. हा किस्सा ते आम्हाला दर ईदला सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "शिव्या मला बसल्या ते बरोबरच होतं. नगरपालिकेचा बिल्ला माझ्या गळ्यात होता, चांदणीच्या नव्हता."

बिल्ल्याचं हे म्हणणं दादामियाँना कुणी शिकवलं नव्हतं, पण तेच म्हणणं दूर युरोपात कागदावर उतरलं होतं. रस्त्यावरच्या वाहतुकीविषयी राष्ट्राराष्ट्रांत दोन मोठे करार झाले, एक १९४९ साली जिनिव्हात आणि दुसरा १९६८ साली व्हिएन्नात. प्रत्येक चालत्या वाहनाला चालक असला पाहिजे, आणि त्याला आपलं वाहन किंवा आपली जनावरं हर घडीला ताब्यात ठेवता आली पाहिजेत, असं त्यांत लिहिलं गेलं. जनावरांचा उल्लेख मुद्दाम आहे. घोडा शहाणा असतो, हे करार लिहिणाऱ्यांना ठाऊक होतंच. तरी त्यांनी माणूस मागितला. पुढे अर्ध्या शतकानं चालकाविना मोटारी येऊ घातल्या तेव्हा याच वाक्यापाशी गाडी अडली, आणि त्या करारात दुरुस्त्या कराव्या लागल्या.

रस्त्यावर नवं वाहन आलं की पहिली भीती कुणाला वाटते आणि शेवटी वाट कोण सोडतं, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. इंग्लंडात १८६५ साली कायदा झाला होता, की वाफेवर चालणाऱ्या गाडीपुढे साठ यार्डांवर एका माणसानं लाल निशाण घेऊन पायी चालायचं. गावात गाडीचा वेग ताशी दोन मैल, बाहेर चार. म्हणजे यंत्रानं माणसाच्या चालीनं चालायचं. १८९६ मध्ये तो कायदा सैल झाला, आणि त्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी मोटारीखाली सापडून एक बाई गेली. इंग्लंडात मोटारीखाली पायी माणूस मेल्याची ती पहिली नोंद समजली जाते.

अमेरिकेत याच्या पुढची पायरी घडली. १९२० च्या दशकात तिथल्या शहरांत मोटारींनी पोरंबाळं मरू लागली, तेव्हा लोक मोटारीवाल्यांवर संतापले. रस्ता तेव्हा सगळ्यांचा होता. फेरीवाला, खेळणारी मुलं, घोडागाडी, सगळे त्यावर होते. मग मोटारधंद्यातल्या मंडळींनी एक शब्द लोकांच्या तोंडी रुजवला. मन मानेल तिथून रस्ता ओलांडणाऱ्याला ‘जेवॉकर’ म्हणायचं. ‘जे’ म्हणजे गावंढळ, शहरात कसं चालावं हे न कळणारा. शब्दामागून नियम आले. ज्याला धक्का लागायचा तोच अडाणी ठरला, आणि रस्ता मोटारीचा झाला. मी शब्दांवर पोट भरत नसलो तरी शब्दांचा माणूस आहे. एका शब्दानं एवढं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

त्याच दशकात, १९२५ साली, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एक रिकामी मोटार धावली. तिला चालवत होता रेडिओ! मागच्या गाडीत बसलेला माणूस बिनतारी संदेशानं तिचं चाक फिरवत होता. ती शेवटी सोबतच्याच एका मोटारीवर जाऊन आदळली. (हे मी रेडिओवरूनच सांगितलं, म्हणून केंद्रातल्या मंडळींची क्षमाही मागितली.) पुढे १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सनं भविष्यातलं शहर मांडून दाखवलं. १९६० साली मोटारी आपोआप अंतर राखून धावतील, असं त्यात होतं. १९६० आलं आणि गेलं. २००४ साली अमेरिकी लष्करी संशोधन खात्यानं वाळवंटात शर्यत ठेवली. एकही गाडी शेवटाला पोचली नाही, सगळ्यांत पुढे गेलेली साडेसात मैलांच्या आत अडकली. पण दुसऱ्याच वर्षी पाच गाड्यांनी ती शर्यत पुरी केली. वाळवंटात अर्थात पतंगामागे धावणारं पोरगं नव्हतं.

२०१८ च्या मार्च महिन्यात ॲरिझोनातल्या टेंपी गावात रात्री एक बाई हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. चाचणीसाठी फिरणाऱ्या स्वयंचलित मोटारीनं तिला पाहिलं होतं. आंधळेपणानं ती गेली नाही. पण यंत्राला ती कधी वाहन वाटली, कधी सायकल, कधी नुसतीच कसलीतरी वस्तू. ठरवण्यात क्षण गेले. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. ठरलेल्या जागा सोडून माणूस मधूनच रस्ता ओलांडेल, ही शक्यताच त्या यंत्राला शिकवलेली नव्हती. जेवॉकर हा शब्द शंभर वर्षांनी पुन्हा कामाला आला म्हणायचा. गाडीत देखरेखीला बसलेल्या बाईवर खटला झाला आणि तिनं गुन्हा कबूल केला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

हे असं असलं तरी गाडी थांबलेली नाही. फिनिक्स, सॅनफ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस या शहरांत माणसं आज चालकाविना टॅक्सीत बसतात. चीनमध्येही हे सुरू झालं, आणि २०२४ साली वुहानच्या टॅक्सीवाल्यांनी आमचं पोट जातं म्हणून ओरड केली. सॅनफ्रान्सिस्कोत २०२३ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या मोटारीचा धक्का बसलेली एक बाई अशा टॅक्सीपुढे येऊन पडली. टॅक्सी थांबली, मग कडेला लागायचं म्हणून तिला तशीच वीस फूट ओढत नेली. माणूस असता तर उतरून खाली वाकून बघितलं असतं. त्या कंपनीचा परवाना त्याच महिन्यात स्थगित झाला, पुढच्या वर्षाअखेर तिच्या मालकांनी टॅक्सीचा तो धंदाच गुंडाळला.

आपल्याकडे काय होईल? आपल्या रस्त्यांचा इतिहास वेगळा आहे, आणि मला वाटतं अडचण तिथंच आहे. सर जॉन माल्कमला महाबळेश्वराची हवा भावली, तेव्हा सातारच्या प्रतापसिंह महाराजांनी १८२९ साली खंडाळा गावाच्या बदल्यात ते डोंगरमाथ्यावरचं गाव कंपनीला दिलं. त्याच्याही आधी तिथवर रस्ता महाराजांनीच करून घेतला होता. साहेबासाठी झालेला तो रस्ता, पण त्यावरून चालले पालखीचे भोई, लमाणांचे बैल, मधाची गाडगी घेऊन उतरणारे डोंगरातले लोक. मोटार आली तेव्हा यांपैकी कुणीही बाजूला झालं नाही. ते सगळे अजून रस्त्यावर आहेत. अमेरिकेनं माणसाला रस्त्यावरून उठवलं आणि मग मोटारीला शिकवलं. आपण कुणालाच उठवलं नाही. याला कुणी बेशिस्त म्हणेल, आणि कराडच्या कोल्हापूर नाक्यावर संध्याकाळी अडकलो की मीही म्हणतो.

दिल्लीच्या मेट्रोची गाडी २८ डिसेंबर २०२० पासून एका मार्गावर चालकाविना धावू लागली. कुणाला काही वाटलं नाही. कारण तिचा रूळ तिचा एकटीचा आहे, त्यावर म्हैस येत नाही. पण डिसेंबरात सांगली-इस्लामपूर रस्त्यावर रात्री नऊनंतर जाऊन पाहा. साखर कारखान्यांचा हंगाम भरात असतो. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, मागं दिवा नाही, पुढं आहे तो एकच. लांबून वाटतं मोटारसायकल येतेय. ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठ्यानं की आपला हॉर्न त्याला ऐकू जाण्याची सोय नाही. त्यामागून उसाच्या बैलगाड्या, त्यावर वाढ्यांच्या भाऱ्यावर बसलेली ऊसतोडकऱ्यांची मुलं. आमचा भाऊ म्हणतो, "मी रस्ता बघत नाही, मी माणसाचा अंदाज बघतो. समोरचा एक दिवा कुठल्या बाजूचा आहे, ते त्याच्या हलण्यावरनं कळतं."

हा अंदाज यंत्राला शिकवायचा प्रयत्नही आपल्याकडे झाला. हैदराबादच्या एका संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१८ साली भारतीय रस्त्यांची दहा हजारांवर चित्रं गोळा करून त्यांतली प्रत्येक वस्तू ओळखीनं आखून ठेवली. युरोपातल्या रस्त्यांच्या अशा संग्रहात बसत नव्हत्या अशा दोन गोष्टींना त्यांना स्वतंत्र जागा द्यावी लागली, एक रिक्षा आणि दुसरी जनावर. शिवाय रस्त्याची कड सोडून जी मातीची पट्टी असते, जिथं गाडी उतरवता येते पण उतरवू नये, तिलाही वेगळं नाव द्यावं लागलं. आपले वडापवाले त्या पट्टीला रस्ताच म्हणतात.

आणि आपल्याकडे प्रत्येक मोठ्या वाहनाला एक जिवंत डोळा होताच, क्लीनर. आमच्याकडे त्याला किन्नर म्हणतात. मागे उभा राहून ट्रकच्या फळीवर थाप मारत तो ओरडतो, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास!" आजच्या मोटारीला मागे घेताना जी टूंटूं वाजते, ती त्या पोराच्या पोटावर आली आहे. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नव्या यंत्राला आमचे लोक नेहमी नाही म्हणतात, असं मात्र कुणी समजू नये. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची गोष्ट घरोघर माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी बेळगावात सायकली विकल्या, मग लोखंडी नांगर केला. दोन वर्षं एकही नांगर खपला नाही. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं शेतकरी म्हणत. शाळेत ही गोष्ट आम्हाला शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगितली. मला आता वाटतं, शेतकरी आपल्या भाषेत एक व्यवहाराचा प्रश्न विचारत होता: पीक बुडालं तर भरपाई कोण देणार, तू की मी? नांगर दुसऱ्याच्या रानात चालला, पीक आलं, डोळ्यांनी दिसलं, तेव्हा त्यानं घेतला. १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर कारखाना उभा राहिला, आणि त्याच अडाणी शेतकऱ्यांच्या जिवावर तो वाढला.

जबाबदारीचा हाच प्रश्न दरवेळी नव्या कपड्यांत येतो. मोटारवाहन कायदा १९३९ साली झाला, आणि मोटारीच्या धक्क्यानं ज्याचं नुकसान होईल त्या तिऱ्हाइतासाठी सक्तीचा विमा १९४६ पासून आला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली. तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावं आजही सांगितली जातात. पहिल्या गाडीचं इंजिन कुणी बनवलं ते विचारा, क्वचित कुणी सांगेल. २०१९ साली मोटारवाहन कायद्यात जी मोठी दुरुस्ती झाली, तिच्यात संशोधनासाठी काही वाहनांना नियमांतून सूट देण्याची वाट ठेवली आहे. पण केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये, आणि पुन्हा २०२३ मध्ये, सांगितलं की चालकांच्या नोकऱ्या घालवणाऱ्या अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही. आमच्या घरात त्या दिवशी भावानं चहा पाजला. पण मुंबईच्या व्हिक्टोरियावाल्यांनाही वाटलं होतं की कुणी आपल्याला हात लावणार नाही. २०१५ साली उच्च न्यायालयानं त्या बेकायदा ठरवल्या. मंत्र्यांचा शब्द हा काही कायमचा परवाना नसतो.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्र सरकारचाच आकडा आहे. त्यातल्या बहुतेक गाड्या चालवत होती ती माणसंच. खंबाटकीच्या वळणावर उलटलेले किती ट्रक मी लहानपणापासून पाहिले. अब्बांच्या दोस्तांपैकी एक झोपेत गेला, एक दारूत. यंत्र पीत नाही, पेंगत नाही, घरी भांडून येत नाही. यंत्रानं यातली निम्मी माणसं वाचवली तर कुठल्या तोंडानं मी त्याला नको म्हणू? हा प्रश्न मी भावाला विचारला. तो म्हणाला, "वाचवू दे की. पण उरलेल्या निम्म्यांच्या घरी कोण जाणार?"

भाऊ असं का म्हणाला, ते आमच्या घरातल्या एका गोष्टीवरून कळेल. १९८१ चा पावसाळा होता, मी बारा वर्षांचा. अब्बा सांगलीहून हळदीची पोती भरून मुंबईला निघाले होते. ब्रेकचे लायनर झिजलेत, हे त्यांनी मालकाला दोनदा सांगितलं होतं. मालक म्हणाला, या खेपेला जा, आल्यावर बघू. कराडच्या अलीकडे संध्याकाळी पावसात दुधाच्या किटल्या लावलेला सायकलवाला समोर आला. ब्रेक लागला, पण लागायला हवा तसा लागला नाही. अब्बा पळाले नाहीत. तेव्हाही ड्रायव्हर पळायचे, कारण जमाव मारायचा. त्यांनी त्या तरुणाला उचलून केबिनमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. तो वाचला, एक पाय मात्र गेला.

कोर्टात मालकानं सांगितलं, ड्रायव्हरनं मला कधी काही कळवलं नव्हतं. कागद होता त्याच्याकडे, अब्बांकडे नुसतं तोंड. अब्बांना दंड झाला, लायसन काही महिन्यांसाठी गेलं, त्या काळात ते बाजारात हमाली करायचे. पण माझ्या डोळ्यांपुढे आहे ते वेगळंच. लायसन गेलेल्या त्या दिवसांत एका रविवारी ते मला घेऊन त्या तरुणाच्या घरी गेले. मातीचं घर, समोर शेणानं सारवलेलं अंगण. अब्बा अंगणातच उभे राहिले. आत जावं की नाही ते त्यांना कळेना. मी त्यांचा हात धरला होता, तो ओला लागत होता. त्या तरुणाची आई बाहेर आली. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग तिनं पोराला, म्हणजे मला, आत बोलावलं, आणि अब्बांना म्हणाली, "थांबलास म्हणून वाचला त्यो. बस. पानी पी." अब्बा तिथं पाणी पिताना रडले. त्यानंतर दरवर्षी बेंदराच्या सुमारास ते त्या घरी जात राहिले, त्यांना चालवेनासं होईपर्यंत. काय द्यायचे, काय बोलायचे, मला माहीत नाही. त्या घरचा राग पुरता गेला होता असंही मी म्हणणार नाही. तो तरुण पुढं कधी अब्बांशी दोन शब्दांपलीकडे बोलला नाही.

२०२४ च्या पहिल्या दिवशी देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. आपल्याकडेही पंपांवर रांगा लागल्या. नव्या न्यायसंहितेत धडक देऊन न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. चालक म्हणत होते, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा मारतो. सरकारनं ते कलम तूर्त लागू न करण्याचं ठरवलं. त्या रांगेत पेट्रोलसाठी उभा असताना मला चमत्कारिक वाटलं. इकडे पळणाऱ्या चालकाला थांबवायचं कसं यावर भांडण, आणि तिकडे जगात अशा गाड्या येताहेत ज्यांत पळणाराच कुणी नाही, म्हणून थांबणाराही नाही. गाडी बनवणारा एक, तिचा संगणक लिहिणारा दुसरा, नकाशा देणारा तिसरा, मालक चौथा. लायनर झिजल्याचं कुणी कुणाला कळवलं होतं, याचा कागद काढायचा कुणाकडून?

नकाशावरून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपर्यंत चढली. धोक्याची पातळी ४५ फूट. मोबाइलमधला नकाशा तेव्हाही मारुती रोडवरून सरळ जायला सांगत होता, आणि त्या रोडवर नावा चालल्या होत्या. माणसांना बाहेर काढणारे टेम्पोवाले आणि ट्रॅक्टरवाले कुणाच्या तरी छपराच्या कौलावरून खाली रस्ता कुठं आहे ते ओळखत होते.

अशा वाहनाबद्दल बोलतोय तर एक घोडा सांगितलाच पाहिजे. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप ज्या हैबतबाबांनी दिलं, ते आमच्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. पालखी लोणंदहून तरडगावाकडे निघाली की चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं. दादामियाँ त्या दिवशी टांगा बंद ठेवायचे आणि मला खांद्यावर घेऊन तिथं जायचे. ते म्हणायचे, घोडेवाल्यानं घोडा बघायचा असतो. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, मधे पाच-सहा हातांची वाट. पुढच्या अश्वावर स्वार असतो. मागच्या अश्वाची पाठ मोकळी. त्यावर स्वतः माउली बसलेली आहे, ही भावना. तो मोकळ्या पाठीचा घोडा भरधाव जातो आणि कुणाला त्याची टाच लागत नाही. टापांखालची माती कपाळाला लावायला लोक वाकतात. दादामियाँही वाकायचे. मी एकदा विचारलं, घोड्यावर कुणीच नाही तर तो बरोबर कसा जातो? ते म्हणाले, "कोई नहीं कैसे? लोकांना विचार."

गेल्या महिन्यात भाचा घरी आला होता. त्याचं काम असं: गाड्यांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांनी काढलेली रस्त्यांची चित्रं त्याच्याकडे येतात, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीभोवती तो चौकट आखून नाव देतो. मोटार, दुचाकी, पादचारी, जनावर. दिवसाला शेकडो. त्यातून यंत्र शिकतं. जेवण झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला आणि मला एक चित्र दाखवलं, कुठल्याशा आपल्याच भागातल्या रस्त्याचं. कडेला धोतर नेसलेला एक म्हातारा, काखेत पिशवी, एक हात पुढं केलेला. त्याच्याभोवती चौकट आणि वर लिहिलेलं, ‘पादचारी, रस्ता ओलांडणार.’

मी म्हटलं, "अरे, हा ओलांडत नाहीये. हा वडापला हात करतोय. बघ ना, पिशवी दुसऱ्या काखेत घेतलीय, चढायला हात मोकळा केलाय."

त्यानं चित्र मोठं करून पाहिलं. मग यादी उघडली, वरपासून खालपर्यंत बोटानं शोधली.

"मामू, गाडीला हात करणारा, असं यात नाहीच," तो म्हणाला, आणि त्यानं पुढचं चित्र घेतलं.